पत्रा निवताना वळतो

बँकेच्या नोकरीत मंजूर केलेल्या कर्जप्रकरणांचा हिशेब मी वर्षानुवर्षे ठेवला. नाकारलेल्या प्रकरणांचा कधी ठेवला नाही. तशी पद्धत बँकेत नव्हती आणि माझ्या स्वभावातही नव्हती. तरी एक प्रकरण असे निघाले की, सेवानिवृत्तीला सात वर्षे उलटल्यावर, गेल्या पावसाळ्यात, ते आपणहून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्याची ही हकिगत. तिच्यात पत्र्याचा धंदा आहे, लेझरचा किरण आहे आणि माझी एक चूक आहे. आपल्यापैकी अनेक घरांत धातूचा, भांड्यांचा, हार्डवेअरचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. म्हणून ती येथे सांगावीशी वाटली.

आमचे घर पालघरचे. वडिलांचे स्टेशनाजवळ पत्रा आणि लोखंडाचे दुकान होते. थोरले बंधू दुकानाच्या गादीवर बसले आणि मी एम.कॉम. होऊन बँकेत गेलो. १९९१ साली माझी बोईसर शाखेत कर्ज विभागात बदली झाली. पालघर हा स्वतंत्र जिल्हा व्हायला अजून तेवीस वर्षे होती. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यातच मोडत होतो. सकाळची शटल पकडायची, उमरोळी मागे पडली की बोईसर. पश्चिमेला समुद्राकाठी १९६९ पासून चालू असलेले तारापूरचे अणुवीज केंद्र आणि अलीकडे औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या. रसायनांचे, औषधांचे, पोलादाचे, कापडाचे मोठे कारखाने आणि त्यांच्या आधाराने जगणाऱ्या लहान लहान फॅब्रिकेशनच्या शेड. कारखान्यांना लागणाऱ्या टाक्या, हॉपर, डक्ट, यंत्रांवरची झाकणे हे सारे या शेडमध्ये तयार होई. माझे बहुतेक कर्जदार तेच.

त्यांतलाच एक मिस्त्री एके दिवशी अर्ज घेऊन आला. पत्रा गोल करण्याचे एक जुने रोलिंग मशीन विकत घेण्यासाठी त्याला पंचेचाळीस हजार रुपये हवे होते. रिवाजाप्रमाणे मी त्याची जागा पाहायला गेलो. भाड्याची शेड, ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनचे दोन सिलिंडर, एक टॉर्च, वेल्डिंगचे मशीन, सेलखडीचे तुकडे, पाण्याची बादली आणि चिंध्या. बस.

“रोलिंग मशीन नाही, तर आजवर प्लेटी गोल कशा करता?” मी विचारले.

“आगीवर भागवतो, साहेब.”

त्याने सहा मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवली. तिच्यावर सेलखडीने समांतर रेघा आखल्या. मग टॉर्चची ज्योत एका रेघेवरून एकसारख्या वेगाने चालवत नेली आणि पाठोपाठ ओल्या चिंधीने ती रेघ निववली. हातोडा नाही, दाब नाही. एक रेघ झाली, दुसरी झाली, आणि पाहता पाहता प्लेटीच्या कडा ठोकळ्यांवरून वर उचलल्या गेल्या. मी थक्क होऊन पाहत राहिलो. मुंबईच्या गोदीत जहाजाच्या प्लेटी अशा वळवतात, तेथे शिकलो, असे त्याने सांगितले.

शेजारीच स्टेनलेस स्टीलचा एक वाकडा झालेला तुकडा पडला होता. तो असाच सरळ करून दाखव म्हणालो, तर त्याने साफ नकार दिला. “गंज न लागणाऱ्याला आग लागली, की त्यालाही गंज लागतो,” एवढेच म्हणाला.

शाखेत परत येऊन मी टिपणी लिहिली. आकार देण्याची यंत्रसामग्री उपलब्ध नाही. कामाची पद्धत एका व्यक्तीच्या कौशल्यावर अवलंबून आहे. तारण अपुरे आहे. सबब शिफारस करता येत नाही. लहान उद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळावे यासाठी केंद्र सरकार आणि सिडबी यांनी पतहमी न्यास स्थापन केला तो २००० साली. म्हणजे तेव्हा ती सोय नव्हती, हे खरे. पण रक्कम लहान होती, आणि ‘प्रत्यक्ष काम पाहिले, कारागीर निष्णात आहे’ असे एक वाक्य लिहिण्याला मला कोणी मनाई केली नव्हती. ते मी लिहिले नाही. मिस्त्रीने परत मिळालेल्या कागदांची घडी घातली, “बरं, साहेब,” म्हणाला आणि गेला. दोनेक वर्षांत त्याची शेड बंद झाल्याचे कानावर आले. त्यानंतर मी त्याला विसरलो.

आता गेल्या पावसाळ्याकडे येतो. थोरल्या बंधूंच्या चिरंजिवांची, म्हणजे माझ्या पुतण्याची, तारापूर औद्योगिक वसाहतीत शेड आहे. चार वर्षांपूर्वी त्याने कर्ज काढून पत्रा कापण्याचे फायबर लेझर मशीन घेतले. त्याची कन्या एम.टेक. झाली आहे आणि तिचा प्रकल्प होता लेझरच्या उष्णतेने पत्र्याला बाक देण्याचा. घरात या विषयाकडे कोणी गांभीर्याने पाहिले नव्हते. कापायचे यंत्र कापण्यासाठी असते, असे पुतण्याचे मत.

त्या सुमारास एका औषध कारखान्याकडून तीन झाकणांची मागणी आली. जुन्या यंत्रांवर बसणारी, दीड मिलिमीटर स्टेनलेस पत्र्याची आणि तिन्हींचा बाक वेगवेगळा. साचा करून प्रेसवर काढायची म्हटली, तर तीन साचे लागणार आणि त्यांचा खर्च सगळ्या कामाच्या रकमेच्या कित्येक पट. पुतण्या नकार कळवणार होता. नात म्हणाली, साच्याशिवाय मी करून देते. बापलेकींत शब्दाला शब्द लागला. “लाखोंच्या मशीनवर खेळ करू देणार नाही,” तो म्हणाला. “मग मला शिकवलंत कशाला?” ती म्हणाली. शेवटी दोघांनीही मलाच मध्यस्थ नेमले. बँकवाले काका आकडे पाहून बोलतील म्हणून त्याने आणि छोटे आजोबा ऐकून तरी घेतील म्हणून तिने.

रविवारी कारखाना बंद असताना आम्ही तिघे शेडमध्ये गेलो. तिने वीतभर लांब, चार बोटे रुंद अशी एक मिलिमीटर लोखंडी पत्र्याची पट्टी घेतली, तिच्यावर काळा लेप दिला आणि एक टोक पकडीत घट्ट बसवले. कापताना किरण एका बिंदूवर एकवटतात. तिने यंत्राचे तोंड उंच उचलून तो किरण पसरट केला, शक्ती कमी केली, कापताना लागणारा वायू बंद ठेवला. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण डोळे कायमचे निकामी करू शकतो; म्हणून यंत्राची दारे बंद करून खास काचेतूनच पाहायचे. किरण पट्टीच्या रुंदीवरून आडवा सर्रकन गेला. पट्टी वितळली नाही, कापली गेली नाही. क्षणभर काहीच झाले नाही, आणि मग तिचे मोकळे टोक किंचित वर आले.

“जेमतेम एक अंश,” ती म्हणाली. “आता निवू दे. मग पुन्हा.”

वीस फेऱ्यांनंतर पट्टी वीसएक अंशांत वर उभी राहिली होती. शेवटच्या फेऱ्यांत बाक कमी कमी पडत गेला, कारण लेप जळत जातो आणि त्या रेघेवरचा धातू जाड व कठीण होत जातो. मी काचेला नाक लावून पाहत होतो. पण माझ्या डोळ्यांसमोर ती पट्टी नव्हती. सेलखडीच्या रेघा, ओली चिंधी आणि ठोकळ्यांवरून उचलली जाणारी प्लेट दिसत होती. चौतीस वर्षांनी ‘तांत्रिक व्यवहार्यता’ माझ्यापुढे सिद्ध होत होती.

घरी आल्यावर नातीने मला कारण समजावून सांगितले, ते माझ्या शब्दांत सांगतो. किरणाखालची अरुंद रेघ एकदम तापते आणि प्रसरण पावू पाहते. पण आजूबाजूचा आणि खालचा थंड धातू तिला पसरू देत नाही. त्या क्षणी पत्रा उलट किंचित खाली झुकतो. तापलेला धातू मऊ झालेला असतो, म्हणून तो लांबीत वाढण्याऐवजी स्वतःतच दाबला जातो आणि जाड होतो. किरण पुढे गेला की रेघ निवते, आकुंचन पावते आणि आता तिची जागा पूर्वीपेक्षा आखूड असते. वरची बाजू आखूड, खालची तेवढीच. म्हणून पत्रा किरणाच्या दिशेने वर वळतो. म्हणजे पत्रा तापताना वळत नाही; निवताना वळतो. जर्मनीतील एर्लांगेन येथील गायगर आणि फोलर्टसेन या संशोधकांनी या प्रक्रियेचे निरनिराळे प्रकार १९९३ साली व्यवस्थित मांडले. आपल्याकडे खरगपूर आणि गुवाहाटीच्या आयआयटींतही यावर काम झाले आहे.

प्रेसवर वाकवलेला पत्रा दाब काढला की थोडा मागे येतो, म्हणून कारागीर तो जरा जास्तच वाकवून ठेवतो, हे आपल्या व्यवसायातील सर्वांना ठाऊक आहे. येथे बाहेरचा दाबच नाही, म्हणून मागे येण्याचा प्रश्नही जवळपास राहत नाही.

पट्टी वळवणे सोपे. वाटीसारखा, दोन्ही दिशांनी बाक असलेला आकार कठीण. आपल्या जव्हार-वाड्याकडे पळसाच्या पानांचे द्रोण करतात. सपाट पानाचा द्रोण होताना कडेला घड्या घालाव्याच लागतात आणि काडी टोचून त्या धराव्या लागतात, कारण वाटीची कड सपाट चकतीच्या कडेपेक्षा आखूड असते. धातूला घडी चालत नाही. ती त्याच्या जाडीतच जिरवावी लागते. तांबट हे काम ठोकून करतात. लेझरने करायचे तर कडेच्या भागात किरण हळू फिरवून पत्र्याच्या दोन्ही बाजू सारख्या तापवायच्या. मग तो वळत नाही, नुसता आखडतो. कोठे वळवायचे, कोठे आखडायचे आणि कोणत्या क्रमाने, हेच सारे शास्त्र. पत्रा फार पातळ आणि किरण फार रुंद असेल, तर तो वर फुगेल की खाली, याचाही नेम राहत नाही.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून अभिमान वाटला. उद्योगांत वर्षानुवर्षे ज्या लेझरने धातू कापला-वळवला गेला, तो कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी. कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला आणि अभियांत्रिकीची पदवी त्यांनी पुण्यात घेतली. त्या लेझरचा किरण चकचकीत धातूवरून बराचसा परावर्तित होतो, म्हणून पत्र्याला ग्रॅफाइटचा काळा लेप देण्याची रीत पडली. आजच्या फायबर लेझरचा किरण लोखंड अधिक शोषून घेते.

आता माझा विषय, हिशेब. प्रेस आणि साचा यांत स्थिर खर्च मोठा, पण दर नगाचा खर्च नगण्य. लेझरने वळवण्यात साच्याचा खर्च शून्य, पण दर नगाला वेळ फार. तेव्हा ज्यांच्याकडे एकाच मापाच्या हजारो थाळ्या-वाट्या निघतात, त्यांनी साचे भंगारात टाकू नयेत. आणि वाफेच्या वा दाबाच्या भांड्यांची गोल टोके नियमांच्या चौकटीत, सिद्ध पद्धतीनेच व्हावीत. मात्र दोन-चार नग, प्रत्येक वेगळा, आणि यंत्र रविवारी तसेही बंद, अशा ठिकाणी हा मार्ग विचार करण्याजोगा आहे. मी पुतण्याला सांगितले, यासाठी एक रुपयाचेही नवे कर्ज काढू नकोस. पण तीन रविवार मुलीला दे. बुडाले तर पत्र्याचे पैसे माझे. त्याने हिशेबाचा कागद दोनदा वाचला आणि मान डोलावली.

पहिल्याच रविवारी अडचण आली. झाकणाचा बाक मधे नीट येई, पण रेघेच्या दोन्ही टोकांना, पत्र्याच्या कडेपाशी, वेगळाच पडे. नात संगणकावर रात्री जागवत होती. मी सहज पुतण्याच्या जुन्या वेल्डरला विचारले, आगीवर प्लेटी वळवणारा एक मिस्त्री होता, आठवतो का? “वाणगावला राहतात ना. परवाच भेटले होते,” तो म्हणाला.

वाणगाव बोईसरच्या पुढचेच स्टेशन. नातीला घेऊन मी तेथे गेलो. मिस्त्री सत्तरी ओलांडलेले. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली. शेड गेल्यावर तीस वर्षे दुसऱ्यांच्या शेडमध्ये रोजावर काम केले म्हणाले. मला त्यांनी लगेच ओळखले. मी त्यांना ‘अहो-जाहो’ करतो आहे, हे त्यांच्याही लक्षात आले असावे.

नातीने वळलेली पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी केली, पाठीवरून अंगठा फिरवला. “हातोडा नाही लागला. पाणी मारलं?”

“नाही, मिस्त्रीकाका. पातळ आहे, आपोआप निवते.”

“किती वेळा फिरवलं?”

“वीस.”

ते हसले. मग तिने कडेची अडचण सांगितली. त्यांनी हवेत टॉर्च धरल्यासारखा हात चालवून दाखवला. मधे एकसारखा आणि शेवटाला झपकन बाहेर. “कडेला आगीला पुढं जायला जागा नसते, बेटा. ती तिथंच साचते. तिथं हात रेंगाळला की बिघडलं. कड आली की पळायचं.”

नातीने लगेच वही काढली. वेग सगळीकडे सारखा न ठेवता टोकाशी बदलावा, हे तिने शोधनिबंधात वाचले होते. पण कोठून आणि किती, ते त्या हाताच्या चालीवरून तिला उमगले. मग मिस्त्रींनी विचारले, “स्टेनलेस आहे म्हणता? मग जपून.” त्यांच्या जुन्या वाक्याचा अर्थही मला आता कळला होता. साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्टेनलेस पोलाद रेंगाळले, तर त्यातील क्रोमियम कार्बनशी बांधले जाते आणि गंजापासून रक्षण करायला उरत नाही. लेझरची रेघ अरुंद आणि क्षणिक, म्हणून धोका कमी. तरी नातीने कमी कार्बनचा ३०४ एल पत्रा वापरला आणि काळवंडलेल्या रेघा नंतर आम्लाने साफ करून घेतल्या.

निघताना मी मनातले बोललो. “मिस्त्री, एक्याण्णव साली तुमचा अर्ज मी नाकारला होता.”

“माहीत आहे की.”

“तेव्हा मी लिहिलं होतं, यंत्रसामग्री नाही.”

“ते खरंच होतं, साहेब. मशीन नव्हतंच माझ्याकडे.” ते थोडा वेळ थांबले. “पण प्लेट वळताना तुम्ही बघितली होती.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला उत्तर सुचले नाही, आणि आजही सुचलेले नाही.

तीन झाकणांपैकी दोन ठीक झाली. तिसऱ्याचा बाक खोल होता. तो पत्रा पिळला गेला आणि भंगारात टाकावा लागला. शेवटी ते झाकण जुन्या रीतीने चार तुकडे जोडून केले. खर्च वजा जाता नफा नाममात्र उरला; हिशेब मीच केला, म्हणून खात्रीने सांगतो. त्या पत्र्याचे पैसे पुतण्याने माझ्याकडून घेतले नाहीत. मिस्त्री आता आठवड्यातून एक दिवस शेडमध्ये येतात, आपला रोज स्वतः ठरवून. यंत्राला ते हात लावत नाहीत. नातीशेजारी खुर्चीवर बसून काचेतून पाहतात आणि निवायला वेळ दिला नाही, तर तिला रागावतात.

कर्ज देणाऱ्याला ‘नाही’ म्हणावेच लागते. त्याबद्दल मला खंत नाही. माझ्या टिपणीतले एकही वाक्य खोटे नव्हते. जे पाहिले ते तिच्यात लिहिले नाही, एवढीच चूक. आपली मुले आज दुकाने-कारखाने सांभाळत आहेत, माणसे पारखत आहेत, उधारी देत आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, कागद वाचून झाल्यावर समोरच्याच्या शेडमध्ये एकदा जाऊन यावे. आणि तेथे काही पाहिले, तर ते लिहून ठेवावे.

ती वळलेली पट्टी नातीने मला दिली आहे. माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली असते.